विद्युतचुंबकीय वर्णपट

विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या एकत्रित आंदोलनातून पसरणाऱ्या सर्व तरंगांची तरंगलांबीनुसार केलेली अखंड मांडणी म्हणजे विद्युतचुंबकीय वर्णपट. या तरंगांना माध्यम लागत नाही. निर्वातात ते सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. रेडिओ तरंग, सूक्ष्मतरंग, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही त्यातील पट्ट्यांची नावे. शाळेत ही नावे पाठ होतात आणि त्यासोबत या सात निरनिराळ्या वस्तू आहेत असा समजही पक्का होतो. तो समज मोडणे महत्त्वाचे आहे. वस्तू एकच, बदलते ती तरंगलांबी.

तरंगलांबी आणि वारंवारता (सेकंदाला होणारी आंदोलने) यांचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग. त्यामुळे हिशेब सोपा होतो: ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. कोल्हापूर आकाशवाणीचे एफएम प्रक्षेपण १०२.७ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, म्हणजे त्याचा एक तरंग सुमारे २.९ मीटरचा, उंच माणसाच्या दीडपट. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा वेध घेण्यासाठी रडार उभारले, त्याची वारंवारता १.९८ मेगाहर्ट्झ. त्याचा एक तरंग दीडशे मीटरचा भरतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहणाऱ्या मुलांनी संपूर्ण मैदानापेक्षा लांब असा एकच तरंग डोळ्यांपुढे आणावा.

दृश्य प्रकाश या मांडणीत फार थोडी जागा घेतो: साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). ‘तानापिहिनिपाजा’ एवढ्यातच संपते. किती थोडी, हे समजायला संगीताचा आधार उत्तम. एका सप्तकात स्वराची वारंवारता दुप्पट होते. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा सगळा प्रकाश एक सप्तकही पुरे भरत नाही. विद्यापीठातील रडारच्या तरंगापासून कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांपर्यंत मात्र सुमारे सत्तेचाळीस सप्तके होतात. उरलेली सप्तके डोळ्यांना कळत नाहीत.

अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हा याच अरुंद पट्टीचा सोहळा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख असे मूर्तीवर चढत जातात. ते सोनेरी-तांबूस का दिसतात? सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या प्रकाशाला हवेचा खूप जाड थर ओलांडावा लागतो. लहान तरंगलांबीचा प्रकाश हवेच्या रेणूंमुळे अधिक विखुरतो. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा नऊपटीहून अधिक. निळा-जांभळा भाग वाटेतच पांगतो आणि देवीपर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने तांबड्या बाजूचा. धुके, धूळ, ढग असले की तोही क्षीण होतो.

तांबड्याच्या पलीकडे काही आहे हे विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये तापमापकामुळे कळले. लोलकातून पडलेल्या रंगांच्या बाहेर, तांबड्याच्या शेजारच्या अंधाऱ्या जागी पारा अधिक चढला. हे अवरक्त प्रारण करवीर, पन्हाळा भागातल्या कोणत्याही गुऱ्हाळावर अनुभवता येते. चुलवाणाच्या तोंडासमोर जरा दूर उभे राहिले तरी चेहरा भाजतो; मध्ये पत्रा धरला की ती धग तत्क्षणी तुटते. गरम हवा वर जाते, ही धग मात्र प्रकाशासारखी सरळ रेषेत येते. दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, योहान रिटर यांना १८०१ मध्ये सिल्व्हर क्लोराइड काळे पडताना दिसले. तेच अतिनील.

या अतिनील पट्टीवर कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाचे रोजचे काम चालते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीतील धातूचा छोटा नमुना गोठवून, घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. ठिणगी पडते, धातूची वाफ चमकते. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश देते. त्या रेषांची तीव्रता मोजून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे प्रमाण काही सेकंदांत पडद्यावर येते. कार्बनची एक उपयुक्त रेषा १९३ नॅनोमीटरवर आहे. हवा ती शोषून घेते, म्हणून ठिणगीच्या कप्प्यात आरगॉन वायू सोडतात.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, टंच (धातूची शुद्धता) काढण्याच्या यंत्रामागे हीच कल्पना आहे, फक्त पट्टी आणखी पुढची. यंत्र दागिन्यावर क्ष-किरण सोडते. उत्तरादाखल सोने, चांदी आणि तांबे यांचे अणू आपापल्या ओळखीचे क्ष-किरण बाहेर टाकतात. दागिना न वितळवता, न कापता त्याचा कस समजतो. हुपरीच्या चांदीलाही ही पद्धत लागू पडते. मात्र किरण वरच्या थरापुरतेच शिरत असल्याने जाड मुलाम्याखालचा धातू त्यांना दिसत नाही.

तरंगलांबी जितकी लहान, तितकी प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रारणाच्या एकेका सुट्या कणाची, ऊर्जा मोठी. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये १,८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल तरंगातील फोटॉनच्या सुमारे ३ लाखपट ऊर्जा असते. मोबाइलचे तरंग पदार्थ किंचित तापवू शकतात, पण अणूतून इलेक्ट्रॉन उखडू शकत नाहीत. क्ष-किरण आणि गॅमा किरण ते करतात. त्यामुळे पेशीतील डीएनए तुटू शकतो, आणि म्हणूनच क्ष-किरण विभागातले तंत्रज्ञ शिशाचा एप्रन घालतात किंवा आडभिंतीमागे जातात.

घरच्या घरी दोन गोष्टी करून पाहाव्यात. जुनी सीडी उन्हात तिरपी धरून परावर्तित प्रकाश भिंतीवर पाडावा; त्यातले रंग वेगवेगळे झालेले दिसतात. सीडीत सूर्याकडे थेट पाहू नये. आणि टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्याला काहीच दिसत नाही, पडद्यावर मात्र ठिपका लुकलुकतो. एखाद्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी गाळणी असते; तसे झाल्यास पुढचा कॅमेरा वापरून पाहावा.