पलंगाखालचं मांजर: बुजलंय की आजारी आहे?

पोरगं पुण्यात नोकरीला, कंपनीनं महिनाभर परदेशी धाडलं आणि त्याचा बोका कोल्हापुरात आईवडिलांकडं आला. पिशवीची चेन उघडताच तो पलंगाखाली शिरला. हाक मारली तरी बाहेर येत नाही, ताटलीकडं ढुंकून बघत नाही. घरात लगेच दोन मतं. "नवीन जागा हाय, रुळंल दोन दिवसांत." "अहो, ते आजारी पडलंय, पोराला काय सांगायचं?"

दोघांपैकी कुणाचंही खरं ठरू शकतं. बुजलेलं मांजर लपतं, खात नाही, आवाज करत नाही. आजारी मांजरही नेमकं तेच करतं. म्हणून ते कुठं बसलंय यावरून काही ठरवू नका. रात्रीत वाटीतलं किती कमी झालं आणि सकाळी वाळूच्या ट्रेत काय सापडलं, ते बघा.

बुजलेलं मांजर सावध असतं. अंग चोरून बसलं तरी बाहुल्या मोठ्या, कान आवाजाकडं वळलेले. दारावरची बेल वाजली की दचकतं. पण घर झोपलं की बाहेर येऊन चार दाणे खातं, पाणी पितं, ट्रेमध्ये जाऊन येतं. ट्रेत लघवीनं भिजलेल्या वाळूचा नेहमीएवढा गोळा दिसला, तर मोठी काळजी मिटली. दिवसागणिक ते थोडं थोडं धीट होत जातं.

आजारी मांजराचं आजूबाजूला लक्षच नसतं. पाठीला पोक काढून बसतं, अंग चाटणं सोडतं, त्यामुळं केस विस्कटलेले दिसतात. लाळ गळते, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढं आलेला दिसतो. झोपेत असताना श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या आत हवेत. प्रवासाच्या भीतीनं तोंड उघडून धापा टाकत असेल, तर शांत खोलीत काही मिनिटांत ते थांबायला हवं. नाही थांबलं, तर लगेच दवाखाना.

पहिला दिवस उपाशी गेला तर समजू शकतं. मात्र २४ तासांत एकही घास पोटात गेला नाही, तर डॉक्टरांना फोन करावाच. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृतच निकामी व्हायला लागतं. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. "भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत धरून चालू नका.

आता बोक्याचं, आणि हे नीट वाचा. जागा बदलल्याच्या ताणानं मूत्राशयाला सूज येऊ शकते, म्हणजे बुजण्यातूनच आजार उभा राहतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती खड्यांनी किंवा चिकट गाळानं तुंबते. नसबंदी झालेला बोकाही याला अपवाद नाही. मग तो सारखा ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, मागची जागा चाटत राहतो. घरच्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालंय. बद्धकोष्ठात शी कडक किंवा बंद होते, पण लघवीचे गोळे ट्रेत सापडत राहतात. इथं वाळू कोरडीच, फार तर थेंबभर ओली. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं. एकदोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टर गाठा.

आपल्या पाहुणचारानंही ही पारख अवघड होते. पोराचं मांजर म्हणून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पुढं ठेवलं जातं. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि मग ते दुधानं झालेत की आजारानं, हे कळायला मार्ग उरत नाही. पांढऱ्या रश्श्यातलं मटणही नको. कांदा-लसूण शिजवलेला असला तरी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळी तर विषच. अर्धीही देऊ नका.

त्यापेक्षा एकच खोली द्यावी, गणपतीच्या दिवसांत रस्त्यापासून आतल्या बाजूची. पोराच्या घरची चादर न धुता अंथरावी. खाणं आणि वाळू तिकडचीच ठेवावी. पलंगाखालून ओढून काढू नये. जमिनीवर बसून हळू बोलत राहिलं तरी पुष्कळ आहे.

पोरगं निघण्याआधी लसीकरणाचं कार्ड, तिथल्या डॉक्टरांचा नंबर आणि मांजराचं वजन लिहून घ्या. उपचाराचा निर्णय तुम्ही घ्यायचा, हेही त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या. लघवी अडली त्या वेळी तिकडं मध्यरात्र असेल, तर त्याच्या फोनसाठी इथं खोळंबून चालणार नाही.