विकृत तरंगावरील कॅलिब्रेशन

ए.सी. व्होल्टेजचा तरंग मुद्दाम, पण मोजूनमापून बिघडवून त्यावर व्होल्टमीटर, वॅटमीटर, ऊर्जामापक तपासण्याची पद्धत. मूळ साइन तरंगात त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा वारंवारतेचे तरंग, म्हणजेच हार्मोनिक, ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या फेजने, म्हणजे मूळ तरंगाच्या किती अंश पुढे-मागे हे ठरवून, मिसळले जातात.

पुरवठ्यातले व्होल्टेज क्वचितच शुद्ध साइन असते. संगणक, चार्जर, एलईडी दिवे यांतले रेक्टिफायर (ए.सी.चे डी.सी. करणारे भाग) तरंगाच्या माथ्याजवळच करंट ओढतात. त्यामुळे तारांत आणि ट्रान्सफॉर्मरात नेमके तेवढ्या वेळेपुरते व्होल्टेज पडते आणि माथा चपटा होतो. मीटर मात्र बहुधा शुद्ध साइनवर तपासून पास झालेला असतो.

साधा स्वस्त मल्टिमीटर तरंगाचा खालचा अर्धा भाग वर उलटवून सरासरी घेतो, तिला १.११ ने गुणतो आणि आरएमएस म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डी.सी. व्होल्टेजचे मूल्य म्हणून दाखवतो. हा गुणक साइनपुरताच खरा. १०० व्होल्टच्या मूळ तरंगात ३० व्होल्टचा तिसरा हार्मोनिक मिसळला, की खरे आरएमएस १०४.४ व्होल्ट होते. फेज कोणताही असो. दोन्ही तरंग शून्यातून एकाच वेळी वर चढत असतील तर माथा दबून मध्ये खळगा पडतो आणि हा मीटर ११० दाखवतो. हार्मोनिक १८० अंशांनी उलटवला की माथा टोकदार होतो आणि तोच मीटर ९० वर येतो. एकूण हार्मोनिक विकृती, म्हणजे मूळ तरंगाच्या तुलनेत हार्मोनिकचे प्रमाण, दोन्ही वेळी ३० टक्केच! त्यामुळे ज्या प्रमाणपत्रावर फक्त टक्केवारी असते आणि फेज नसतो, त्याचा अशा मीटरसाठी फारसा उपयोग नाही.

तरंग तयार करायला आता डिजिटल पद्धतच वापरतात. एका आवर्तनाचे नमुने मेमरीत ठेवायचे, घड्याळाच्या ठोक्यावर डिजिटल-अ‍ॅनलॉग परिवर्तकाला द्यायचे, मग फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर. कागदावर हे सोपे वाटते. पण परिवर्तक प्रत्येक नमुना पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो, त्याने वरचे हार्मोनिक खचतात. ५० हर्ट्झच्या तरंगाला आवर्तनामागे १०२४ नमुने घेतले तरी ५०वा हार्मोनिक सुमारे ०.४ टक्क्याने कमी निघतो. ही घट आधीच हिशेबात धरून नमुने लिहावे लागतात. शिवाय काही ऊर्जामापक स्वतःची वीज त्याच व्होल्टेजवरून घेतात आणि जोडताक्षणी तरंग आणखी वाकवतात. म्हणून व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाशी न पाहता मीटरच्या टर्मिनलवर पाहायचे.

निघालेला तरंग मागितल्यासारखाच आहे का, हे उष्णतेवरून पडताळता येते. थर्मल कन्व्हर्टरमधली तापक तार आरएमएसनुसार तापते, तरंगाचा आकार कसाही असो. त्या तापाची तुलना डी.सी.शी करतात. हार्मोनिकची फोड आणि फेज मात्र त्यातून कळत नाही, त्यासाठी नमुने घेणारा डिजिटायझर लागतो. सर्वांत वरचा आधार जोसेफसन परिणामाचा. १९९६ साली सॅम्युअल बेन्झ आणि क्लार्क हॅमिल्टन यांनी जोसेफसन संधींना (पातळ थराने विलग केलेल्या दोन अतिवाहकांच्या जोडांना) करंटचे स्पंद देऊन व्होल्टेज घडवण्याची पद्धत मांडली. संधीतून निघणाऱ्या व्होल्टेजच्या प्रत्येक स्पंदाचे क्षेत्रफळ निसर्गाच्या स्थिरांकांनी ठरलेले असते, म्हणून स्पंद दाट-विरळ केले की हवा तो तरंग मिळतो. मात्र अशा संचातून थोडकेच व्होल्ट निघतात. शेकडो व्होल्टपर्यंत पोहोचायला मध्ये विभाजक (व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करणारे उपकरण) येतो, आणि त्याची चूक व फेज प्रत्येक हार्मोनिकला वेगळा मोजावा लागतो.