अंगात देवी, डोक्यात हवा

ब्रिटन-अमेरिकेतल्या पेगन, म्हणजे युरोपातला जुना देवधर्म पुन्हा पाळणाऱ्या मंडळींमध्ये गुरूंची भांडणं इतकी नेहमीची आहेत की त्यांना 'विच वॉर', म्हणजे चेटक्यांची लढाई, असं नावच पडलंय. त्यात मंत्र-तंत्र, मूठ मारणं वगैरे काही नसतं बरं का. दोन गुरूंचं बिनसतं, मग कोणाची दीक्षा खरी नि कोणाची बोगस यावरून उखाळ्यापाखाळ्या सुरू होतात, चेल्यांना बाजू घ्यावी लागते, आणि ज्याला कुठलीच बाजू घ्यायची नसते तो बिचारा गुपचूप यायचाच बंद होतो.

आता गंमत अशी की या लोकांकडे पोप नाही, सगळ्यांना बांधून ठेवणारा एक ग्रंथ नाही, मोठं देऊळ नाही, देवस्थान ट्रस्ट नाही. ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपात जी दैवतं होती, जे ऋतूंचे सण होते, ते नव्याने जगू पाहणारी ही माणसं. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत साधारण 74,000 लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन असं लिहिलं, आणि वेगळं 'विका', म्हणजे पेगनांमधला विच लोकांचा पंथ, असं लिहिणारे 13,000. म्हणजे भांडण्यासारखी सत्ता नाही, इस्टेट नाही, आणि जुन्या पद्धतीच्या विका गटांमध्ये तर दीक्षेचे पैसे घेणंच वर्ज्य. आपल्याकडे बुवाबाजीचा विषय निघाला की आपण आधी पैसा कुठे जातो ते बघतो, इथे तो धागाच सापडत नाही. मग माणसं कशासाठी भांडतात? मला वाटतं उत्तर तिथेच आहे, पैसे मिळत नाहीत म्हणूनच मानाला एवढा भाव येतो.

विकाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो जेराल्ड गार्डनर. मलायात कस्टम्स खात्यात नोकरी करून 1936 मध्ये रिटायर झालेला इंग्रज. तो सांगायचा की 1939 मध्ये इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या कोव्हेनने, म्हणजे विच लोकांच्या छोट्या गटाने, मला दीक्षा दिली आणि हा धर्म फार प्राचीन आहे. जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा कायदा इंग्लंडमध्ये 1951 मध्ये रद्द झाला, तसे गार्डनरसाहेब सुटलेच, 1954 मध्ये पुस्तक काढलं, पेपरवाल्यांना मुलाखती द्यायला लागले. मधल्या काळात 1953 मध्ये डोरीन व्हॅलियंटी नावाची बाई त्यांच्याकडे दीक्षेला आली. वाचन दांडगं. गार्डनरच्या 'प्राचीन' पोथीतले बरेच उतारे अॅलिस्टर क्रोली या विसाव्या शतकातल्या मांत्रिकाच्या लिखाणातले आहेत हे तिने ओळखलं आणि तोंडावर सांगितलं. तुला याहून बरं जमत असेल तर लिही की, असं ते म्हणाले. तिने लिहिलं. आज जगभरच्या विका गटांमध्ये देवीच्या तोंडचं म्हणून जे गद्य म्हणतात ते बरंचसं या बाईच्या हातचं आहे.

1957 मध्ये ठिणगी पडली. गार्डनरना प्रसिद्धीचा सोस, आणि गटातल्या लोकांना नोकरीधंद्याची भीती, पेपरात नाव आलं तर शेजारी काय म्हणतील. व्हॅलियंटी आणि तिच्या बाजूच्यांनी साधे नियम लिहून काढले आणि गार्डनरना पाठवले, गटाबद्दल बाहेर कोणी आणि किती बोलायचं वगैरे. उलट उत्तर आलं की नव्या नियमांची गरजच नाही, कारण आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले कायदे आहेत, हे घ्या. जुनाट वळणाच्या इंग्रजीत लिहिलेले ते कायदे तोवर कोणी पाहिलेसुद्धा नव्हते! आणि त्यात एक कलम असं की हाय प्रीस्टेसने, म्हणजे गटाच्या मुख्य पुजारणीने, वय वाढलं की तरुण बाईसाठी हसतमुखाने जागा सोडावी. व्हॅलियंटी तेव्हा 35 वर्षांची. गार्डनर 73. पुरुषांच्या वयाचं काय, तर त्याबद्दल अळीमिळी गुपचिळी. बाई गट सोडून गेली, तिच्याबरोबर आणखीही काही जण गेले.

माझ्या मते पुढच्या सगळ्या विच वॉरचा साचा या एका प्रसंगात आहे, कारण ज्ञान गुप्त आहे, ते कोणाला कधी द्यायचं हे गुरू ठरवणार, आणि गुरू जे जुनं म्हणून दाखवेल ते खरंच जुनं आहे का हे तपासायची सोय नाही कारण शपथ घेतलेली असते. 1964 मध्ये व्हॅलियंटी दुसऱ्या एका गुरूच्या गटात गेली, तो आपण खानदानी विच असल्याचं सांगायचा, तिथेही काही काळाने तिचा विश्वास उडाला. त्याच दशकात अॅलेक्स सँडर्स 'विच लोकांचा राजा' म्हणून पेपरात गाजला, त्याचं म्हणणं सात वर्षांचा असताना आजीने दीक्षा दिली. प्रत्यक्षात 1961 मध्ये याने गार्डनरच्याच लाइनमधल्या लोकांना पत्र लिहून प्रवेश मागितला होता आणि त्यांनी तो नाकारला होता. आजी नंतर पुढे आली.

हे वाचून वाटेल की विका म्हणजे फेकू लोकांचा अड्डा. तसं नाहीये, आणि इथे मानसशास्त्राची मदत होते. डेल्रॉय पॉलहस या मानसशास्त्रज्ञाने 1998 मध्ये एक अभ्यास छापला. अनोळखी विद्यार्थ्यांचे छोटे गट केले, दर आठवड्याला भेटायचं नि चर्चा करायची, असं सात आठवडे, आणि एकमेकांना मार्क द्यायचे. स्वतःबद्दल अवास्तव चांगलं मत असलेले जे होते ते पहिल्या भेटीत सगळ्यांना आवडले, आत्मविश्वास, बोलणं, सगळंच छान. सातव्या भेटीपर्यंत तीच माणसं लोकांना फुशारकी मारणारी नि तुसडी वाटायला लागली. 2015 मध्ये एमिली ग्रिहाल्वा आणि सहकाऱ्यांनी आत्मप्रेम आणि नेतृत्व यावरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आत्मप्रेमी माणसं पुढारी म्हणून निवडली जाण्याची शक्यता जास्त निघाली, पण काम चांगलं करण्याशी त्याचा सरळ संबंध काही दिसला नाही. अगदी कमी आत्मप्रेमही कामाचं नाही आणि फार झालं तरी वाट लागते, मधल्या पट्ट्यातली माणसं त्यातल्या त्यात बरी.

आता हे कोव्हेनला लावून बघा. नवखा माणूस येतो तो पहिल्या भेटीवर भाळून येतो. पण तो गुरूची सातवी भेट होईपर्यंत शपथ घेऊन बसलेला असतो, मैत्रिणी तिथल्याच झालेल्या असतात, आणि पुढची डिग्री, म्हणजे दीक्षेची पुढची पायरी, मिळायला प्रथेप्रमाणे एक वर्ष आणि एक दिवस थांबायचं असतं. डिग्र्या तीन. नाराज झालास तर घालवलेली वर्षं पाण्यात, म्हणून माणूस गप्प राहतो.

गुरूच्या बाजूने बघितलं तर आणखी मजा आहे. विकामध्ये चंद्र खाली उतरवण्याचा एक विधी असतो. साधारण नऊ फुटांचं वर्तुळ आखतात, मधे हाय प्रीस्टेस उभी राहते, हाय प्रीस्ट तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या पावलांपासून ओठांपर्यंत चुंबनं घेतो आणि देवीला तिच्यात यायची विनवणी करतो, आणि मग ती देवी म्हणून बोलायला लागते. आपल्याकडे अंगात येणं म्हणतात त्याच्या जवळचं, फरक असा की इथे ते बरंचसं ठरलेल्या शब्दांत होतं. मला स्वतःला त्यात वावगं काही वाटत नाही, पण अर्ध्या तासाने विधी संपतो, केक नि वाइन फिरते, आणि जिच्या तोंडून आत्ता देवी बोलली तीच बाई ठरवते की हिवाळ्यात दीक्षा कोणाला मिळणार. त्या बाईशी वाद घालायची कोणाची टाप आहे? आणि तिला तरी देवीचा आवाज कुठे संपला नि आपला कुठे सुरू झाला हे दर वेळी नीट कळत असेल का?

टॅन्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई 1980 च्या दशकात लंडनमधल्या अशा गटांमध्ये जाऊन राहिल्या, दीक्षाही घेतल्या. डॉक्टर-इंजिनिअर छापाची शिकलेली माणसं हळूहळू जादूवर कशी विश्वास ठेवायला लागतात हे त्यांनी टिपलं. एका रात्रीत काही बदलत नाही, घटनांचा अर्थ लावायची सवय बारीकबारीक सरकत जाते, आधी योगायोग वाटायचा तिथे आता खूण दिसते. गुरूच्या बाबतीत हेच सरकणं स्वतःच्या दिशेने होतं असं मला दिसतं, विधी फळला की माझी शक्ती आणि नाही फळला की शिष्य अजून तयार नाही. यशाचं श्रेय आपल्याकडे आणि अपयश दुसऱ्याच्या माथी ही सवय तर सगळ्याच माणसांना असते, ऑफिसात रोज बघतो आपण. फक्त ऑफिसात कधीतरी आकडे समोर येतात, इथे आकडेच नाहीत.

पण साधना करून अहंकार कमी व्हायला हवा ना? निदान जाहिरात तरी तशीच असते. योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत योग करणाऱ्या 93 जणांना 15 आठवडे फॉलो केलं, 2018 मध्ये ते छापलं. योगासनं करून नुकतेच उठलेले असताना लोक स्वतःला क्लासमधल्या सरासरी माणसापेक्षा जास्त वरचे समजत होते, योग न केलेल्या दिवसापेक्षा. ध्यान करणाऱ्या 162 जणांमध्येही तसंच. आपण जे मन लावून करतो त्यात आपण भारी असल्याची भावना वाढते, मग ते काम अहंकार सोडण्याचं का असेना. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये रोस व्हॉन्क यांच्या टीमने 'आपण आध्यात्मिकदृष्ट्या इतरांपेक्षा वरचे' ही भावना मोजायची प्रश्नावली केली. आभा वाचणं आणि तत्सम ऊर्जेचे कोर्स करणारे सगळ्यात वर होते, माइंडफुलनेस शिकणारे त्यांच्याखाली. यातून कोर्समुळे तसं झालं की तसेच लोक त्या कोर्सला जातात हे सिद्ध होत नाही, ते लक्षात ठेवायला हवं. पण विकाचा अभ्यासक्रम कुठल्या टोकाला जवळ आहे ते सांगायला नको.

मग गुरूच नको, असा विचार अर्थातच झाला. सॅन फ्रान्सिस्कोत स्टारहॉक या विच लेखिकेने आणि तिच्या मैत्रिणींनी 1980 च्या सुमाराला 'रिक्लेमिंग' सुरू केलं, सगळे निर्णय सर्वसंमतीने, दीक्षा घेतलीच पाहिजे असं नाही, विधी चालवायला आळीपाळीने माणसं. चांगलं चाललं, अजून चालू आहे. पण जो फ्रीमन या कार्यकर्तीने 1970 मध्येच अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवली होती, ती इथेही लागू पडते. रचना नसलेला गट असतच नाही. नियम लिहिले नाहीत तर जुन्या मैत्रिणींचं टोळकं कारभार बघतं, आणि त्यांना कोणी निवडलेलं नसल्यामुळे काढताही येत नाही. रिक्लेमिंगनेही 1997 मध्ये आपली तत्त्वं कागदावर आणली, ती उगाच नाही.

कागदावरून आठवलं, अमेरिकन ड्रुइड, म्हणजे पेगनांमधल्याच दुसऱ्या एका पंथाचा, आयझॅक बोनविट्स याने 1979 मध्ये गट धोकादायक झालाय का ते तपासायची एक यादी काढली, प्रत्येक मुद्द्याला एक ते दहा मार्क. गुरूचा पर्सनल आयुष्यातला हस्तक्षेप, सोडून जाणाऱ्याला दिला जाणारा त्रास, लैंगिक फायदा घेणं हे सगळं आहेच त्यात, पण मला आवडलेला मुद्दा विनोदाचा आहे. गटावर, गुरूवर, शिकवणीवर केलेला विनोद चालतो की तोंडं वाकडी होतात?

हा मुद्दा वरवर फालतू वाटतो. रिचर्ड ली हा मानववंशशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात कुंग नावाच्या शिकारी लोकांबरोबर राहत होता, त्याने 1969 मध्ये लिहिलेला किस्सा बघा. ख्रिसमसला त्याने भलामोठा बैल विकत घेतला, सगळ्या वस्तीला जेवण. तर जो तो येऊन सांगायला लागला की काय हा हाडांचा सापळा आणलास, उपाशी ठेवतोस आम्हाला, मारामाऱ्या होणार. ली पार खचला. बैल कापला तर चरबीचा जाडजूड थर, आणि लोक हसून बेजार! नंतर एकाने समजावून सांगितलं की मोठी शिकार करणाऱ्या पोराला आपण मोठा माणूस आहोत असं वाटायला लागतं, बाकीचे आपले नोकर वाटायला लागतात, आणि अशी घमेंड एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल, म्हणून त्याच्या मांसाला आम्ही नावं ठेवतो. इथे डोक्यात हवा जाणार हे गृहीतच धरलेलं आहे, आणि ती काढायचं काम सगळ्या वस्तीने वाटून घेतलंय, एकट्या शिकाऱ्याच्या भल्या मनावर सोडलेलं नाही.

विकाकडे याला जवळचं असं एकच जुनं हत्यार आहे, ते म्हणजे गट फुटणं. कोव्हेन प्रथेने तेरा जणांच्या आत ठेवतात, आणि तिसरी डिग्री मिळालेला माणूस काही जण घेऊन आपला वेगळा गट काढू शकतो. आपल्याकडे एका गणपती मंडळाची दोन होतात तसंच, फक्त इथे ते रीतीला धरून मानलं जातं. गुरूला हे जड जातं खरं, पण त्यामुळे कोणाचाच दरबार फार वाढत नाही. जिथे गुरू शिष्याला तिसरी डिग्री द्यायलाच वर्षानुवर्षं टाळाटाळ करतो तिथे काहीतरी शिजतंय असं जुनी मंडळी ओळखतात.

आता मात्र चित्र बदललंय. हेलन बर्जर यांच्या अमेरिकेतल्या सर्व्हेंमध्ये एकट्याने साधना करणाऱ्या पेगन लोकांचं प्रमाण आधी अर्ध्याच्या आसपास होतं, पुढच्या सर्व्हेत पाऊण हिश्श्याच्याही वर गेलं. कोव्हेन नाही, हाय प्रीस्टेस नाही, शपथ नाही. सुटले म्हणायचं तर शिकतात कुठून, पुस्तकं आहेतच, पण फोनवरचे व्हिडिओ फार. गुरू तिथेही आहेत, लाखो फॉलोअरवाले, आणि पॉलहसच्या प्रयोगातली ती सातवी भेट तिथे कधी येतच नाही, एडिट केलेल्या दीड मिनिटात प्रत्येक भेट पहिलीच असते. बैलाला नावं ठेवणारं कोणी आलंच तर ब्लॉकचं बटण गुरूच्याच हातात.