पूरक पर्यावरण प्रकल्प

प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्या कंपनीने सरकारशी तडजोड करताना, दंडात सूट मिळावी म्हणून स्वखर्चाने पत्करलेले पर्यावरणाचे किंवा सार्वजनिक आरोग्याचे काम. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेतली. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) तिचे धोरण १९९८ मध्ये ठरवले आणि २०१५ मध्ये सुधारले.

संघराज्याचा दंड कायद्यानुसार केंद्रीय तिजोरीत जातो. धूर सोसलेल्या वस्तीच्या हाती त्यातले काही लागत नाही. ईपीएने तो परस्पर वळवला, तर खर्च मंजूर करण्याच्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) अधिकारावर घाला येतो. म्हणून दंड ‘वळवला’ असे बोलले जात असले, तरी कागदोपत्री दंडच कमी आकारला जातो आणि काम कंपनी राजीखुशीने स्वीकारते. भेद केसाएवढा आहे, पण सगळा वाद त्यावरच चालतो.

काम कायद्याने आधीच बंधनकारक नसावे आणि त्याचा उल्लंघनाशी संबंध असावा. हवा बिघडवणाऱ्याने शाळेच्या जुन्या डिझेल बसना धूर गाळणारी यंत्रणा बसवून दिलेली चालते. एखाद्या संस्थेला नुसती देणगी चालत नाही. प्रकल्पावरच्या एका डॉलरमागे सूट साधारणपणे जास्तीत जास्त ८० सेंट. नियम मोडून कमावलेला फायदा तर रोख दंडातूनच वसूल होतो. कामाचा गाजावाजा करताना ते कारवाईतून झाल्याचेही कंपनीला सांगावे लागते. ही अट नसती तर दंडाचीच जाहिरात झाली असती.

न्याय विभागाने मार्च २०२० मध्ये अशा तडजोडी बंद केल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला आणि मे २०२२ मध्ये नियमही बदलला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्रयस्थांना पैसे देणाऱ्या तडजोडींवर पुन्हा निर्बंध आले.

काँग्रेसनेच वाटा ठरवला की हा पेच उरत नाही. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीनंतर, २०१२ च्या रिस्टोर कायद्याने त्या प्रकरणातील स्वच्छ जल कायद्याखालच्या दिवाणी दंडाचा ८० टक्के भाग किनाऱ्यावरच्या पाच राज्यांच्या पुनरुज्जीवनासाठी राखला. बीपी कंपनीचा असा दंड २०१६ मध्ये ५५० कोटी डॉलरवर निश्चित झाला.

कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यानुसार कारवाईच्या रकमेपैकी ५० टक्क्यांपर्यंतचा भाग अशा प्रकल्पांत जाऊ शकतो आणि त्यांचा लाभ वंचित वस्त्यांना मिळावा असा रोख आहे.