लेमां एक्सप्रेस

लेमां एक्सप्रेस म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराची लोकल, फक्त ही लोकल रोज सकाळ-संध्याकाळ देशाची हद्द ओलांडून फ्रान्समध्ये जाते आणि परत येते. लेमां हे जिनिव्हाच्या सरोवराचं फ्रेंच नाव. एक्सप्रेस नुसती नावाला, थांबे घेत घेतच जाते. १५ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, ४५ स्टेशनं, साधारण २३० किलोमीटरचं जाळं, एल१ ते एल६ अशा सहा लाइनी. स्वित्झर्लंडमधल्या कॉपेहून निघून जिनिव्हातून फ्रान्समधल्या अनमासला आणि तिथून पुढे एव्हियाँ, आनसी, सँ-जेर्वे अशा फाट्यांवर जाणाऱ्या गाड्या हा मुख्य भाग, आणि दुसऱ्या बाजूला ला प्लेन आणि बेलगार्दकडे जाणाऱ्या दोन लाइनी.

पुण्यातल्या माणसाला सांगायचं तर असं धरा की दापोडीच्या हॅरिस ब्रिजवर मनपाची हद्द संपते ना, तिथे देशच संपतो. शिवाजीनगरला पगार फ्रँकमध्ये, तळेगावला घरभाडं युरोमध्ये, आणि पगार अलीकडे भरपूर नि घर पलीकडे स्वस्त, मग माणूस काय करेल, तळेगावला राहील आणि रोज लोकल पकडेल. जिनिव्हात नेमकं हेच चालतं. फ्रान्समध्ये राहून जिनिव्हात कामाला येणारे लोक एक लाखाच्या वर आहेत, त्यांना तिथे फ्रोंतालिए म्हणतात आणि त्यांच्यासाठी जी परमिट नावाचा वेगळा परवाना असतो. गाडी सुरू व्हायच्या आधी यातले बहुतेक सगळे आपापल्या कारमध्ये नाक्यावर अडकून बसायचे, म्हणजे आपलं हिंजवडीच, फक्त मागे आल्प्स.

खरी गंमत इतिहासात आहे. जिनिव्हाच्या कोर्नावाँ स्टेशनात १८५८ मध्येच रेल्वे आली. १८८८ मध्ये शहराच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे सरोवर आणि ऱ्होन नदीच्या पलीकडच्या काठावर, ओ-व्हीव नावाचं स्टेशन झालं आणि ते अनमासमार्गे फ्रान्सच्या रेल्वेला जोडलं गेलं. एकाच शहरात दोन स्टेशनं, मध्ये चालत जाता येईल एवढं अंतर, आणि रूळ मात्र जोडलेले नाहीत. ते जोडायचे असा करार १९१२ मध्ये झालासुद्धा. पण मग महायुद्ध आलं, पैसे नव्हते, मोटारी वाढल्या, आणि फाइल जी बसली ती बसलीच, मधल्या काळात पश्चिमेकडून मालगाड्यांसाठी एक तुकडा तेवढा झाला. शेवटी २००९ मध्ये जादा खर्चाला मंजुरी द्यायची का यावर जिनिव्हाच्या लोकांनी मतदान केलं, बहुमत हो म्हणालं, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये काम सुरू झालं. म्हणजे करार ते उद्घाटन १०७ वर्षं. आपल्याकडे मेट्रोच्या तारखा पुढे गेल्या की आपण लगेच 'हे फक्त पुण्यातच होऊ शकतं' म्हणतो, तर नाही, स्विस लोकही यात मागे नाहीत.

हा जोडरस्ता सेव्हा या नावाने ओळखला जातो, कोर्नावाँ, ओ-व्हीव आणि अनमास यांची आद्याक्षरं घेऊन केलेलं नाव. लांबी १६ किलोमीटर, त्यातले १४ स्वित्झर्लंडमध्ये आणि जेमतेम २ फ्रान्समध्ये. सरळ सरोवराखालून न जाता तो पश्चिमेकडून वळसा घालून लान्सीमार्गे येतो आणि बराचसा जमिनीखालून जातो. नव्या स्टेशनांचं डिझाइन फ्रेंच आर्किटेक्ट जाँ नूव्हेल यांचं, भिंती मोठमोठ्या काचेच्या ठोकळ्यांच्या, त्यामुळे खाली भुयारात असूनही वरचा उजेड झिरपत प्लॅटफॉर्मपर्यंत येतो. जुना रूळ जिथून जायचा तिथे वर आता झाडीतून जाणारा सायकल आणि चालण्याचा रस्ता आहे.

आणि सीमा? ती दिसतच नाही. हद्द म्हणजे फोराँ नावाचा एक ओढा, आणि गाडी त्याच्या खालून बोगद्यातून जाते. माझा एक मावसभाऊ अनमासला राहतो, तो म्हणतो की आपण दुसऱ्या देशात गेलो हे फक्त मोबाइल कंपनीच्या रोमिंगच्या मेसेजवरून कळतं, बाकी शेजारचा माणूस मान तिरकी करून झोपलेला असतो तो तसाच झोपलेला. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे पासपोर्टची रांग वगैरे प्रकार नाही.

माणसांना सीमा नसली तरी करंटला आहे. स्विस रेल्वे चालते १५ हजार व्होल्ट, १६.७ हर्ट्झवर आणि इथली फ्रेंच रेल्वे २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झवर. त्यामुळे सगळ्या गाड्या दोन्ही करंटवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या, स्विसांनी घेतल्या श्टाडलरच्या फ्लर्ट, २३ गाड्या, आणि फ्रेंचांनी आल्स्टॉमच्या रेजिओलिस, १७ गाड्या. अनमासला करंट बदलतो. आपल्याकडच्या जुन्या रेल्वेप्रेमींना हे नवीन नाही, मुंबई-इगतपुरीला १५०० व्होल्ट डीसी होतं तेव्हा इगतपुरीला इंजिन बदलायचे, आणि मग दोन्हीवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं आली, तोच प्रकार. यात एक विचित्र तुकडा म्हणजे ला प्लेनची एल५, ही लाइन अख्खी स्वित्झर्लंडच्या हद्दीत आहे पण डोक्यावरच्या तारेत करंट फ्रेंच पद्धतीचा, आणि २०१४ पर्यंत तर तिथेही १५०० व्होल्ट डीसीच होतं.

चालवायला लेमानिस नावाची कंपनी काढली, त्यात स्विस रेल्वेचा वाटा ६० टक्के आणि फ्रेंच रेल्वेचा ४०. तिकीट मात्र एकच, लेमां पास घेतला की ट्राम, बस, लोकल सगळं चालतं, दोन्ही बाजूंना. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एक करायला आपल्याला २००७ उजाडलं, इथे तर दोन देश, दोन चलनं आणि दोन प्रकारचे कामगार कायदे होते.

कामगारांवरून आठवलं, ज्या आठवड्यात ही लोकल सुरू व्हायची होती तेव्हाच फ्रान्समध्ये पेन्शनच्या मुद्द्यावरून मोठा संप चालू होता. म्हणजे शंभर वर्षं वाट बघून उद्घाटन केलं आणि पहिल्या दिवसापासून फ्रेंच बाजूच्या बऱ्याच गाड्या रद्द. मग तीन महिन्यांत कोविड. तरी लोकांनी गाडी उचलून धरली, रोज ५० हजार प्रवासी धरले होते तो आकडा काही वर्षांतच मागे पडला. गर्दीच्या वेळी कोर्नावाँ ते अनमास साधारण दर दहा मिनिटांनी गाडी असते आणि वीसेक मिनिटांत पोचवते.

दुखणं आहे ते अनमासच्या पुढे. तिथून आनसी, एव्हियाँ आणि सँ-जेर्वेकडे जाणारे रूळ बहुतेक ठिकाणी सिंगल लाइन, वर रस्त्याची फाटकं. समोरून येणारी गाडी पाच मिनिटं उशिरा आली की ही स्टेशनात उभी, मग ती उशिरा जिनिव्हात, मग तिथून परत फिरणारी उशिरा, असं ते गडगडत जातं. लोणावळा लोकलवाल्यांना हे जास्त सांगायला नको, तिथे निदान दोन लाइनी आहेत पण मागून एक्सप्रेस येते म्हणून लोकल बाजूला काढतात. स्विस भागात घड्याळ लावावं अशी गाडी आणि फ्रेंच भागात नशीब, असं तिथले प्रवासी वैतागून म्हणतात, पण यात ड्रायव्हरपेक्षा रुळाचा दोष जास्त.

उलट दिशेनेही गर्दी असते, विशेषतः शनिवारी. जिनिव्हातले लोक खरेदीला फ्रान्समध्ये जातात कारण मटण, चिकन, चीज तिथे बरंच स्वस्त. पासपोर्ट कोणी विचारत नसलं तरी स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही, त्यामुळे मांस माणशी एक किलोच ड्यूटीशिवाय आणता येतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून टॅक्समाफीची मर्यादाही ३०० वरून १५० फ्रँकवर आणली. त्यामुळे बायको-मुलांना घेऊन खरेदीला जायचं आणि चौघांचं चार किलो धरायचं, हा हिशोब तिथेही लोक घरून निघतानाच करतात.