कारागृहातील व्यसने, संसर्गजन्य रोग आणि वैद्यकीय सेवा (ठाणे व नवी मुंबई)

न्यायालयाच्या आदेशाने बंद्याचे (कैद्याचे) फिरण्याचे स्वातंत्र्य जाते, उपचारांचा हक्क जात नाही. उलट त्याला स्वतः डॉक्टर निवडता येत नसल्यामुळे ती जबाबदारी शासनावर येते. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्यात आहे. त्याची अधिकृत क्षमता ११०५ बंद्यांची असली, तरी प्रत्यक्षात तेथे तिच्या कितीतरी पट माणसे ठेवली गेली आहेत. नवी मुंबईतील तळोजा मध्यवर्ती कारागृह त्यामानाने अलीकडचे आहे. दाटीच्या तक्रारी मात्र तेथूनही येतात. दोन्हीकडे बहुसंख्य बंदी न्यायाधीन, म्हणजे बोलीतले ‘कच्चे कैदी’ असतात आणि त्यांचा मुक्काम किती दिवसांचा हे कोणालाच आधी सांगता येत नाही. येथील वैद्यकीय सेवेची खरी अडचण याच अनिश्चिततेत आहे.

नव्याने दाखल झालेल्या बंद्याची वैद्यकीय तपासणी करून प्रकृतीची व अंगावरील जखमांची नोंद करावी, असे १८९४ च्या तुरुंग कायद्यानेच घालून दिले. व्यसनाधीन बंद्याच्या बाबतीत ही तपासणी निर्णायक ठरते. गर्द (ब्राउन शुगर) अचानक बंद झाल्यावर अंगदुखी, उलट्या, जुलाब आणि निद्रानाश हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो व आठवड्याभरात ओसरू लागतो. दारू एकदम सुटल्यास मात्र झटके आणि भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. बाहेर बेकायदा नसलेले व्यसन आत अधिक घातक ठरते, हे पहारेकऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. अमली पदार्थविरोधी कायदा (१९८५) व्यसनी व्यक्तीला काही प्रकरणांत शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडण्याची मुभा न्यायालयाला देतो, तर मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यांत जामीन अतिशय कठीण करतो. परिणामी, व्यसनी आणि विक्रेता अनेकदा एकाच बराकीत येतात. झडती कितीही कडक केली, तरी चरस किंवा नशेच्या गोळ्या आत पोहोचल्याच्या घटना उघडकीस येतच असतात.

संसर्गांमध्ये क्षयरोग सर्वांत चिवट आहे. हवा न खेळणाऱ्या बराकीत खोकणारा एक रुग्ण आसपासच्या अनेकांना जंतू देऊ शकतो. कुपोषण, तंबाखू आणि एचआयव्ही यांमुळे त्याचा जोर वाढतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे रोग सामायिक सुया, वस्तरे व गोंदणाच्या सुयांतून पसरू शकतात, तर खरूज हा त्याहून साधा, पण दाटीत हमखास होणारा आजार आहे. शासनाच्या ताब्यातील व्यक्तीला एचआयव्हीचा प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी व उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिला. तपासणी संमतीनेच व्हावी, अशीही त्यात अट आहे. गर्दासारख्या अफूजन्य व्यसनासाठी जिभेखाली द्यायच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचा उपचार राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट आहे. तो घेणाऱ्यांत नशेची इंजेक्शने टोचून घेण्याचे प्रमाण घटते, म्हणून तो संसर्ग रोखण्याचाही उपाय मानला जातो.

तज्ज्ञ उपचारांसाठी बंद्यांना ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, मुंबईचे जे. जे. रुग्णालय किंवा मनोविकारांसाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे न्यावे लागते. पोलीस बंदोबस्त मिळाला नाही की ठरलेली तारीख हुकते. औषध उपलब्ध असूनही उपचार लांबण्यामागे हे एक कारण असते. तळोज्यात ठेवलेले, पार्किन्सनने (कंपवाताने) आजारी असलेले वृद्ध धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२१ मध्ये खासगी रुग्णालयात हलवण्यात आले आणि ५ जुलै २०२१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कारागृहातील आरोग्यसेवेवर देशभर चर्चा झाली.

सुटकेचा क्षण वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत धोक्याचा असतो. सहा महिन्यांचा क्षयरोगाचा उपचार चालू असताना जामीन झाला, तर बंदी रात्रीतून भिवंडी, मुंब्रा किंवा परराज्यात निघून जातो. त्याची कागदपत्रे आणि पुढील गोळ्या सोबत दिल्या नाहीत, तर उपचार तुटतो आणि औषधांना न जुमानणारा क्षयरोग होण्याची भीती राहते. गर्दाच्या बाबतीत कैदेच्या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते, त्यामुळे सुटल्यावर जुन्याच मात्रेने केलेली पहिली नशा जीवघेणी ठरू शकते. हा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो.