प्लूज

टीव्ही किंवा मॉनिटरवरच्या काळ्याची पातळी नुसत्या डोळ्यांनी जुळवण्यासाठी वापरायचा चाचणी-नमुना. 'पिक्चर लाइन-अप जनरेशन इक्विपमेंट' या नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला. नमुना मूळचा बीबीसीचा. एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही तंत्रज्ञांच्या अमेरिकी संस्थेच्या रंगपट्ट्यांत तो लाल पट्टीखाली दिसतो : काळ्याहूनही काळी, नेमकी काळी आणि काळ्याहून जराशी उजळ अशा तीन अरुंद उभ्या पट्ट्या.

मेनूतली नावे फसवी आहेत. 'ब्राइटनेस'ने परंपरेने काळ्याची पातळी हलते, 'कॉन्ट्रास्ट'ने पांढऱ्याची. एलसीडी पडद्याचा एकूण उजेड बॅकलाइटवर, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांवर ठरतो. सोनीच्या अलीकडच्या टीव्हींत मात्र 'ब्राइटनेस' म्हणजेच बॅकलाइट आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळे असते.

जुळवणीआधी टीव्ही अर्धा तास चालू ठेवावा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यानुसार कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारी सोय) आणि प्रकाश-सेन्सर बंद करावेत, खोलीत रोज पाहताना असतो तेवढाच उजेड ठेवावा. मग ब्राइटनेस इतका वाढवावा की तिन्ही पट्ट्या वेगळ्या दिसतील. आता तो एकेक अंकाने उतरवत जावे. सर्वांत काळी पट्टी मधलीत मिसळली आणि उजळ पट्टी जेमतेम दिसत राहिली, की थांबावे. आणखी उतरवल्यास काळे केस, सावलीतले कपडे यांचा एकच डाग होतो. वर ठेवल्यास रात्रीचे दृश्य राखाडी धुक्यात गेल्यासारखे दिसते.

कॉन्ट्रास्टसाठी पांढऱ्या पायऱ्यांचा नमुना लागतो. ८-बिट व्हिडिओत, म्हणजे ० ते २५५ च्या मापात, काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. २३० ते २३४ या पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या दिसल्या पाहिजेत. त्या एकजीव झाल्या किंवा पांढऱ्यावर गुलाबी, निळी झाक आली, तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट यांपैकी एक बदलला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून प्लूज पुन्हा तपासावा.

सर्वांत काळी पट्टी काही केल्या दिसतच नसेल, तर बहुधा प्लेअर १६ खालचा सिग्नल कापतो आहे. अशा वेळी फक्त उजळ पट्टीवर भिस्त ठेवावी. संगणक ०–२५५ पाठवतो आणि टीव्ही १६–२३५ धरून चालतो, असेही होते. मग गडद छटा गिळल्या जातात. उलट असेल तर चित्र फिके पडते. हा दोष ब्राइटनेसने झाकू नये, एचडीएमआयची रेंज (०–२५५ की १६–२३५) दोन्हीकडे सारखी करावी.

बऱ्याच टीव्हींत ही मूल्ये प्रत्येक इनपुट आणि पिक्चर मोडसाठी स्वतंत्र साठवली जातात. यूएसबीवरून जुळवलेले सेट-टॉप बॉक्सला लागू होईलच असे नाही.